घर तुमचं, पण त्यात राहतं कोण? अमेरिकेतल्या होमओनर्स पॉलिसीतली राहण्याची अट

अमेरिकेत घर घेतलं की मॉर्टगेज देणारी बँक होमओनर्स इन्शुरन्स घ्यायलाच लावते. प्रीमियम एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्यासोबत बँक जमा करत असलेल्या खात्यातून, परस्पर जातो, पॉलिसी दरवर्षी आपोआप रिन्यू होते आणि बहुतेक घरांत तो जाडजूड कागदांचा गठ्ठा कुणी उघडतही नाही. मग कधी नोकरी दुसऱ्या राज्यात जाते. कधी आईच्या आजारपणामुळे पुण्यात चार-सहा महिने राहावं लागतं, तर कधी घर ओळखीच्यांना भाड्याने देऊन आपण कायमचे भारतात परततो. घर आपल्या नावावर असतं, हप्ते वेळेवर जात असतात, प्रीमियमही थकलेला नसतो. अशात पाइप फुटतो किंवा आग लागते, आणि कंपनी विचारते: त्या दिवशी या घरात तुम्ही राहत होता का?

उत्तर 'नाही' निघालं तर इमारतीच्या नुकसानीचा अख्खा क्लेम जाऊ शकतो. होमओनर्स पॉलिसी मालकी बघून दिलेली नसते, ती मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी असते. हा फरक घर घेताना मला कुणी सांगितला नव्हता, आणि इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात विषय काढला तेव्हा कित्येकांना तो ठाऊक नव्हता असं दिसलं.

आमचं घर न्यू जर्सीत. नवऱ्याची बदली डॅलसला झाली. मुलाची शाळा मध्येच तोडायची नाही म्हणून मी आणि तो मागे राहिलो. पॉलिसी एकट्या नवऱ्याच्या नावावर होती. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं डॅलसला गेलो असताना घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला, वरच्या मजल्यावरचा पाइप गोठून फुटला आणि पाणी खालच्या छतातून दिवाणखान्यात उतरलं. कंपनीचं म्हणणं, पॉलिसीधारक टेक्सासमध्ये राहतो, मग हे त्याचं राहतं घर कसं? पैसे शेवटी मिळाले, पण त्याआधी शपथेवर जबाब द्यावे लागले. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं आणि कळलं ते इथे क्रमाने देते आहे. मी वकील नाही. तुमच्या राज्यातला नियम आणि तुमच्या पॉलिसीचे शब्द हेच शेवटी चालतात.

१. आधी व्याख्येचं पान काढा

पॉलिसीचा पहिला कागद म्हणजे डेक्लरेशन पेज. त्यावर पॉलिसीधारकाचं नाव, घराचा पत्ता, रकमा आणि जोडलेल्या फॉर्मचे क्रमांक असतात. स्वतंत्र घरासाठी सर्वांत जास्त चालणारा फॉर्म एचओ-३, काँडोसाठी, म्हणजे सोसायटीतल्या मालकीच्या फ्लॅटसाठी, एचओ-६, भाडेकरूसाठी एचओ-४. पॉलिसी अख्खी हातात नसेल तर कंपनीकडून 'सर्टिफाइड कॉपी' मागवा. एजंटने पाठवलेल्या दोन पानांच्या सारांशात हवी ती व्याख्या सापडत नाही.

शोधायचे शब्द दोन: 'रेसिडेन्स प्रेमिसेस' आणि 'यू'.

'रेसिडेन्स प्रेमिसेस' म्हणजे कुठलं घर, ते व्याख्येत दिलेलं असतं. जुन्या प्रचलित मजकुरात अर्थ असा: डेक्लरेशन पेजवर दाखवलेलं, एका कुटुंबाचं घर, जिथे तुम्ही राहता, किंवा दोन ते चार कुटुंबांचं घर, ज्यातल्या निदान एका भागात तुम्ही राहता. दोन अटी एकत्र आहेत. घर कागदावर दाखवलेलं हवं आणि त्यात तुमचं राहणं हवं. पत्ता छापला आहे म्हणून दुसरी अट आपोआप पुरी होत नाही.

२०१५ मध्ये आयएसओ (इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस) या संस्थेने व्याख्या सुधारणारं एक एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं बदलाचं कलम, आणलं. देशभरातल्या कंपन्या ज्यावरून पॉलिसी बेततात ते नमुना फॉर्म हीच संस्था तयार करते. या एन्डॉर्समेंटप्रमाणे पॉलिसीचा कालावधी सुरू होतो त्या दिवशी तुम्ही तिथे राहत असायला हवं. वरवर लहान दिसणारा हा बदल पॉलिसीधारकाच्या फायद्याचा आहे, कारण वर्षाच्या मध्ये घर सोडलं तरी निव्वळ राहण्याच्या अटीवरून त्या वर्षापुरतं कव्हर जात नाही. तुमच्या पॉलिसीला हे एन्डॉर्समेंट जोडलेलं आहे का, किंवा कंपनीच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये तशी भाषा आहे का, हे डेक्लरेशन पेजवरच्या फॉर्मच्या यादीवरून कळतं. मोठ्या कंपन्यांचे फॉर्म स्वतःचे असतात, त्यामुळे मित्राची पॉलिसी बघून आपल्याबद्दल अंदाज बांधू नका.

सर्वांत जास्त लोक फसतात ते इथे: रिन्यूअल म्हणजे नवा कालावधी. सप्टेंबरमध्ये घर सोडलं, जानेवारीत एस्क्रोमधून पैसे जाऊन पॉलिसी रिन्यू झाली, तर जानेवारीच्या त्या तारखेला तुम्ही तिथे राहत नव्हता. म्हणजे सुधारित व्याख्येचंही संरक्षण उरलं नाही. आणि प्रीमियम घेतला म्हणजे कव्हर मान्य केलं, हा युक्तिवाद कोर्टात सहसा टिकत नाही. पॉलिसीत मुळात नसलेलं कव्हर प्रीमियम घेतल्याने निर्माण होत नाही, असं बऱ्याच राज्यांतली कोर्टं मानतात.

आता 'यू'. प्रमाण फॉर्ममध्ये 'तुम्ही' म्हणजे डेक्लरेशन पेजवर नाव असलेली व्यक्ती, आणि तिचा नवरा किंवा बायको, पण ती त्याच घरात, एकाच कुटुंबात राहत असेल तर. आमचा सगळा वाद या एका ओळीवर अडला होता. डॅलसमधलं एका खोलीचं अपार्टमेंट हे नवऱ्याचं वेगळं बिऱ्हाड झालं, की कुटुंब एकच आणि तो कामापुरता बाहेर? नवरा-बायकोपैकी एकाचंच नाव पॉलिसीवर असेल तर आजच एजंटला कळवून दुसऱ्याचंही घालून घ्या. विशेषतः एच-४ वर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असताना घर घेतलेल्या बायकांची नावं मॉर्टगेजवर नसतात आणि त्याच ओघात पॉलिसीवरूनही राहून जातात.

२. तुमची परिस्थिती नेमकी कुठली ते ठरवा

घर घेतलं, पण अजून राहायला गेलो नाही. दुरुस्ती, रंगकाम, जुन्या घराची लीज संपायची वाट, कारण काहीही असो, क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पुरी होण्याच्या, दिवसापासून पॉलिसी सुरू होते आणि राहणं लांबतं. मॉर्टगेजच्या प्रमाण करारात ६० दिवसांत राहायला जाण्याची आणि निदान एक वर्ष राहण्याची अट असते, तीही इथे आठवून ठेवा.

एक जण बाहेरगावी, कुटुंब घरात. वर सांगितलं तसं. नावं दोन्ही हवीत.

काही महिने भारतात. घर लावलेलं आहे, सामान जागच्या जागी आहे, परत यायचं नक्की आहे. एवढ्याने राहणं संपत नाही असं बरीच कोर्टं मानतात. पण रिकाम्या घराचे वेगळे नियम लागतात, ते पाचव्या पायरीत.

पूर्ण घर भाड्याने. इथे संदिग्धता जवळपास उरत नाही. होमओनर्स पॉलिसी चुकीची झाली, ती बदलायलाच हवी. भाडेकरू चुलतभाऊ असो की मंडळातली ओळख, फरक पडत नाही. घरातल्या एखाद्या खोलीत कुणी पैसे देऊन राहत असेल तर तुमचं राहणं शाबूत आहे, पण तेही कळवायचं.

आईवडिलांच्या नावावर घर, राहतो मुलगा. आई-बाबा ग्रीन कार्डवर आले, घर त्यांच्या नावाने घेतलं, पॉलिसीही त्यांच्या नावाने, आणि थंडी सोसेना म्हणून ते नाशिकला परतले. आता पॉलिसीवरचं कुणीच तिथे राहत नाही. मुलगा राहतोय हे पुरेसं नाही, कारण 'यू' मध्ये नवरा-बायको येतात, मुलं येत नाहीत.

घर एलएलसीच्या (म्हणजे स्वतःच्या छोट्या कंपनीच्या) किंवा ट्रस्टच्या नावावर केलं. कंपनी घरात राहू शकत नाही. इस्टेट प्लॅनिंगच्या वकिलाने डीड, म्हणजे मालकीचा दस्त, बदलून दिलं तर त्याच आठवड्यात इन्शुरन्सवाल्यांना कळवा आणि ट्रस्टचं नाव पॉलिसीत कसं घालायचं ते विचारा.

पॉलिसीधारकाचं निधन. प्रमाण फॉर्ममध्ये यासाठी कलम आहे. मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीला त्या घरापुरतं आणि मालमत्तेपुरतं कव्हर मिळतं. वारसांनी त्या भरवशावर वर्षभर गप्प बसू नये, प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया, चालू असतानाच कळवावं.

३. कोर्टांचं म्हणणं राज्याराज्यांत वेगळं

इन्शुरन्सचा कायदा अमेरिकेत राज्याचा असतो, म्हणून एकाच वाक्याचे दोन राज्यांत दोन अर्थ निघतात.

न्यूयॉर्कमधला डीन विरुद्ध टॉवर इन्शुरन्स हा २०१२ चा निकाल आपल्यासारख्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. वेस्टचेस्टर काउंटीतल्या अर्व्हिंग्टनमध्ये एका जोडप्याने २००५ मध्ये घर घेतलं. काम काढल्यावर वाळवीने पोखरलेलं बांधकाम दिसलं आणि दुरुस्ती लांबली. नवरा कामासाठी नेमाने घरात येत होता, पण कुटुंब राहायला गेलं नव्हतं. मे २००६ मध्ये आग लागली. कंपनीने राहण्याची अट पुढे करून क्लेम नाकारला. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, सांगितलं की पॉलिसीत राहणं म्हणजे काय याची व्याख्याच दिलेली नाही. राहायला जायचा इरादा असलेल्या पण दुरुस्तीत अडकलेल्या खरेदीदाराच्या बाबतीत हा मजकूर संदिग्ध आहे, तेव्हा खटला न चालवताच कंपनीच्या बाजूने निकाल मिळणार नाही. संदिग्ध मजकूर लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या, विरुद्ध वाचायचा हे तत्त्व तुमचा पहिला आधार.

मिशिगनमध्ये वारा उलटा आहे. हेनिसर विरुद्ध फ्रँकनमथ म्युच्युअल, १९९५: मालकाने घर हप्त्यांच्या करारावर विकलं होतं, कागदोपत्री हक्क अजून त्याच्याकडे होता, पण राहणं संपलं होतं. आगीनंतर तिथल्या सर्वोच्च कोर्टाने 'जिथे तुम्ही राहता' याचा अर्थ नुकसानीच्या वेळी राहत असणं असा घेतला आणि क्लेम गेला. २०१० मध्ये मिशिगनच्याच कोर्ट ऑफ अपील्ससमोर (तिथे हे सर्वोच्च कोर्टाच्या खालचं कोर्ट) मॅकग्रा प्रकरण आलं. एक वयस्कर बाई घर सोडून अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या होत्या आणि मागे घरातले पाइप गोठून फुटले. राहणं म्हणजे प्रत्यक्ष राहणं, परत येण्याचा इरादा पुरत नाही, असं कोर्टाने ठरवलं. म्हातारपणी लेकीजवळ जाऊन राहणाऱ्या किती आयांना हा प्रसंग येऊ शकतो, विचार करा.

हे निकाल वाचताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट: ही अट वगळणुकीच्या, म्हणजे काय भरून मिळणार नाही त्याच्या, यादीत नसते, ती कव्हरच्या मुळाशी असते. वगळणूक लागू होते हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. पण नुकसान कव्हरमध्ये बसतं, म्हणजे हे आपलं राहतं घर होतं, हे दाखवायचं ओझं सहसा आपल्यावर येतं. त्यामुळे सहाव्या पायरीतली फाइल महत्त्वाची.

४. बदल होण्याआधी लेखी कळवा

डॅलसची ऑफर आली, भारतात जायचं तिकीट काढलं, भाडेकरू ठरला, की त्याच आठवड्यात एजंटला ईमेल करा. फोन करू नका असं नाही, पण फोननंतर ईमेल हवाच. 'काही प्रॉब्लेम नाही, काळजी करू नका' असं फोनवर सांगणारा एजंट क्लेमच्या वेळी तिथे नोकरीत असेलच असं नाही, आणि फाइलमध्ये त्याची नोंद असेल याचीही खात्री नाही.

ईमेलमध्ये पॉलिसी नंबर आणि पत्ता. काय बदलतंय, कोणत्या तारखेपासून, किती काळ. घरात कोण राहणार, कोण नाही. सामान राहणार की जाणार. आणि शेवटी थेट प्रश्न: या परिस्थितीत माझं घर 'रेसिडेन्स प्रेमिसेस' राहतं का, नसेल तर कुठली पॉलिसी लागेल, आणि उत्तर लेखी द्यावं. उत्तर आलं नाही तर तोच ईमेल कंपनीच्या अंडररायटिंग विभागाला, म्हणजे पॉलिसी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्यांना, पाठवा.

मिळणारे पर्याय साधारण असे. भाड्याने दिलेल्या घरासाठी ड्वेलिंग फायर पॉलिसी, डीपी-१ किंवा डीपी-३, जिला लोक लँडलॉर्ड पॉलिसी म्हणतात. तिच्यात मालकाने राहण्याची अट नसते. या दोहोंत डीपी-३ अधिक व्यापक, डीपी-१ मोजक्याच धोक्यांपुरती. विक्रीला काढलेल्या किंवा रिकाम्या घरासाठी व्हेकंट होम पॉलिसी. महाग असते, पण बिनकव्हरच्या घरापेक्षा स्वस्त. मोठं नूतनीकरण असेल तर बांधकामकाळासाठीचं वेगळं कव्हर. आणि तुम्ही नव्या गावी भाड्याने राहणार असाल तर तिथे एचओ-४.

लँडलॉर्ड पॉलिसीत भाडेकरूचं सामान येत नाही. भाडेकरूला स्वतःचा एचओ-४ घ्यायला सांगा आणि लीजमध्ये तशी अट घाला.

प्रीमियम वाढेल म्हणून न कळवणारे खूप भेटतात. वाढ वर्षाची असते. नाकारलेला क्लेम घराच्या किमतीएवढा असू शकतो.

५. घर काही काळ बंद राहणार असेल तर

दोन शब्दांत फरक करा. सामान आहे, माणसं नाहीत, ते घर 'अनऑक्युपाइड'. सामानही नाही, माणसंही नाहीत, ते 'व्हेकंट'. एचओ-३ च्या अलीकडच्या प्रमाण फॉर्ममध्ये सलग ६० दिवसांपेक्षा जास्त व्हेकंट असलेल्या घरातली तोडफोड आणि काचफूट कव्हर होत नाही. जुन्या फॉर्ममध्ये हीच मर्यादा ३० दिवसांची होती. न्यूयॉर्कच्या प्रमाण अग्निविमा मजकुरात तर व्हेकंट किंवा अनऑक्युपाइड अशा दोन्हींसाठी ६० दिवस आहेत. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की देशात राहायला मिळणारी मुदतही ६० दिवसांपर्यंतचीच. त्या घाईत सामान विकून, किल्ली मित्राकडे देऊन देश सोडणाऱ्यांचं घर नकळत या कलमात जाऊन बसतं.

गोठण्याचं कलम थंड राज्यांत सर्वांत जास्त बोचतं. घर बंद असताना पाइप गोठला तर कव्हर तेव्हाच, जेव्हा तुम्ही घर गरम ठेवण्याची वाजवी काळजी घेतली असेल, किंवा पाणी मुख्य व्हॉल्व्हवर बंद करून पाइप आणि उपकरणं रिकामी केली असतील. आमच्या बाबतीत दोन कागद कामाला आले: शरद ऋतूत फर्नेसची सर्व्हिसिंग केल्याची पावती, आणि थर्मोस्टॅटच्या अ‍ॅपमधली नोंद, ज्यात आम्ही निघताना हीटिंग ६० अंश फॅरनहाइटवर चालू ठेवल्याचं आणि पुढे एका रात्री तापमान घसरत गेल्याचं तासागणिक दिसत होतं. कंपनीच्या इंजिनिअरने ती नोंद पाहिल्यावर निष्काळजीपणाचा मुद्दा पुन्हा काढला नाही.

लांब जाणार असाल तर माझा सल्ला: पाणी मेन व्हॉल्व्हवर बंदच करा, शेजाऱ्याला किल्ली द्या आणि दर फेरीनंतर फोटोसह एक मेसेज पाठवायला सांगा. ते मेसेज जपून ठेवा.

६. राहण्याचा पुरावा: फाइल आधी बनवा

नुकसान झाल्यावर कागद गोळा करायला मन ठिकाणावर नसतं. त्याआधी एका फोल्डरमध्ये हे ठेवा:

• ड्रायव्हर्स लायसन्स आणि गाडीच्या रजिस्ट्रेशनवरचा पत्ता
• वीज, गॅस आणि पाण्याची बिलं, वापराच्या आकड्यांसह
• राज्याचं आणि फेडरल टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला)
• मुलांच्या शाळेच्या नोंदी, डॉक्टर आणि डेंटिस्टकडची बिलं
• बँक आणि कार्डाची स्टेटमेंट, ज्यात रोजच्या किराणाची खरेदी दिसते
• ई-झीपास किंवा तत्सम टोलच्या नोंदी, विमानाची तिकिटं
• बाहेरगावी काम असेल तर कंपनीचं पत्र, नेमणूक तात्पुरती असल्याचं
• घराचे आतले फोटो, वर्षातून दोनदा, तारखेसह
• पॉलिसीची पूर्ण प्रत आणि एजंटबरोबरचे सगळे ईमेल

यात वापराचे आकडे सर्वांत बोलके. नुसतं बिल नावावर असणं कुणी मोजत नाही. महिनाभरात पाणी किती गेलं ते बघतात.

याची दुसरी बाजूही बघा. तुमचेच कागद तुमच्याविरुद्ध बोलू शकतात. अमेरिकन नागरिक नसलेल्यांना पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ फॉर्म भरून इमिग्रेशनला कळवावं लागतं. तिथे टेक्सासचा पत्ता 'राहण्याचा' म्हणून दिला असेल तर इन्शुरन्सला न्यू जर्सी सांगताना त्याचं स्पष्टीकरण तयार हवं. टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल ई वर घराचं भाडं दाखवलं आणि क्लेममध्ये 'आम्हीच राहतो' म्हटलं, तर ते क्लेम नाकारण्यापुरतं राहत नाही, फसवणुकीचं कलम लागतं. महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली तर त्या कलमाखाली सगळंच कव्हर जाऊ शकतं. कागद एकमेकांशी जुळत नसतील तर क्लेमच्या आधी दुरुस्त करा, आणि जे खरं आहे त्याप्रमाणेच दुरुस्त करा.

७. नुकसान झालं: काय बोलायचं, काय सही करायचं

पाणी बंद करा, फोटो आणि व्हिडिओ काढा, पुढचं नुकसान थांबवा, ताबडतोब कळवा. खराब झालेलं सामान अ‍ॅडजस्टरने, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने, पाहिल्याशिवाय फेकू नका. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून इथे थांबत नाही.

जिथे पाय घसरतो ते पहिल्या फोनवर. अ‍ॅडजस्टर गोड आवाजात विचारतो, 'म्हणजे सध्या तिथे कुणी राहत नाही?' आणि धक्क्यात असलेला माणूस म्हणतो, 'नाही, आम्ही डॅलसला असतो.' हे संभाषण रेकॉर्ड होत असतं. निष्कर्ष सांगू नका, घटना सांगा: कोण, कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी बाहेर होतं, सामान कुठे आहे, परत कधी येणार होतं. माहीत नसेल ते 'बघून लेखी कळवते' म्हणून सोडा.

मग 'रिझर्वेशन ऑफ राइट्स' नावाचं पत्र येऊ शकतं. क्लेम तपासतोय, पण नाकारायचा हक्क राखून, एवढाच त्याचा अर्थ. तो नकार नाही. मात्र त्यात राहण्याच्या अटीचा उल्लेख असेल तर वकिलाशी बोलायची वेळ तीच.

कंपनीने मागितल्यावर शपथेवरचं 'प्रूफ ऑफ लॉस' प्रमाण फॉर्मप्रमाणे ६० दिवसांत द्यायचं असतं. ही मुदत चुकवू नका. चांगला क्लेम या एका कारणाने बुडू शकतो.

आणि शपथेवरचा जबाब, ज्याला इथे सगळे ईयूओ म्हणतात. पॉलिसीची अट म्हणून तो द्यावाच लागतो, टाळला तर क्लेम जाऊ शकतो. कंपनीचा वकील प्रश्न विचारतो, कोर्ट रिपोर्टर शब्द न् शब्द टिपतो. नवऱ्याला आणि मला वेगवेगळं बसवलं होतं. प्रश्न घराच्या किमतीचे नव्हते. तुमचे हिवाळ्याचे कोट कुठल्या कपाटात असतात? पत्नीचं औषध कुठल्या फार्मसीतून येतं? डॅलसच्या स्वयंपाकघरात कुकर आहे का? मुलाच्या शाळेतून आजारी असल्याचा फोन आला तर कुणाला येतो? दैनंदिन जगणं नेमकं कुठे चालतं हेच त्यांना जोखायचं असतं. दोघांची उत्तरं जुळली, कारण ती खरी होती. जबाबाआधी आपापली कागदपत्रं शांतपणे वाचा, तारखा ताज्या करा, वकील सोबत न्या, आणि विचारलं तेवढंच उत्तर द्या. इंग्रजी सराईत असलं तरी दडपणाखाली शब्द अडत असतील तर दुभाषा मागा. विशेषतः घर आईवडिलांच्या नावावर असेल आणि जबाब त्यांना द्यायचा असेल तर नक्की मागा.

८. नकार आला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह. मग ते कलम तुमच्या सर्टिफाइड कॉपीशी ताडून पहा. जुन्या व्याख्येवर नकार दिला आहे आणि तुमच्या पॉलिसीला सुधारित एन्डॉर्समेंट जोडलेलं आहे, असं निघालं तर वाद तिथेच फिरतो.

पत्रासोबत प्रीमियमच्या परताव्याचा चेक आला तर तो वटवू नका. कंपनी पॉलिसीच मुळापासून रद्द करत असेल तर चेक वटवणं म्हणजे तुमची संमती असं नंतर म्हटलं जाऊ शकतं. आधी वकिलाला दाखवा.

मॉर्टगेज असेल तर बँकेला कळवा. प्रमाण पॉलिसीत बँकेसाठी वेगळं कलम असतं, आणि तुमचा क्लेम नाकारला तरी बँकेने आपल्या अटी पाळल्या असतील तर तिला पैसे मिळू शकतात. पण त्यात सुटकेचा निःश्वास टाकण्यासारखं काही नाही. बँकेला दिलेल्या रकमेपुरती कंपनी तिच्या जागी उभी राहते आणि तुमच्याकडे मागू शकते.

राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार फुकट करता येते: न्यू जर्सीत डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स, न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात त्या त्या राज्याचं डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स. खातं तुमच्या वतीने खटला लढत नाही, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि फाइल वरच्या टेबलावर जाते. पब्लिक अ‍ॅडजस्टर, म्हणजे तुम्ही स्वतः नेमलेला अ‍ॅडजस्टर, नुकसानीची रक्कम ठरवायला उपयोगी, टक्केवारीवर काम करतो. कव्हर आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न मात्र त्याचा नव्हे. त्यासाठी पॉलिसीधारकांच्या बाजूने काम करणारा वकील शोधा. पहिली भेट बऱ्याच ठिकाणी मोफत असते. जाताना पॉलिसी, नकाराचं पत्र, जबाबाची प्रत आणि सहाव्या पायरीतलं फोल्डर न्या.

शेवटचं, खटल्याची मुदत. ती पॉलिसीत लिहिलेली असते आणि नेहमीच्या कायदेशीर मुदतींपेक्षा खूप छोटी असते. प्रमाण एचओ-३ मध्ये नुकसानीच्या तारखेपासून दोन वर्षं, कॅलिफोर्निया आणि मिशिगनच्या प्रमाण मजकुरात एकच वर्ष. न्यू जर्सीसारख्या राज्यांत क्लेम कळवल्यापासून लेखी नकार येईपर्यंतचा काळ धरत नाहीत, पण त्या सवलतीवर विसंबून राहू नका. विमा खात्याकडे तक्रार चालू आहे, अ‍ॅडजस्टर 'अजून बघतोय' म्हणतो आहे, म्हणून मुदत थांबलेली आहे असं धरू नका. पॉलिसीतली तारीख फोनमध्ये घाला, आणि तिच्या तीन महिने आधीची आठवणही.